‘ऑफ माइस अँड मेन’चा शेवट नीट कसा वाचायचा: जॉर्जची टोचणी, जॉर्जची साथ, पायरी पायरीने

आधीच सांगते, ह्यात शेवट पूर्ण फुटणार आहे. ज्यांनी पुस्तक वाचलं नसेल त्यांनी आधी वाचून या, जेमतेम शंभरेक पानांचं आहे, एका रविवारी संपतं.

तर झालं असं, माझी भाची न्यू जर्सीत शाळेत आहे, तिला हे पुस्तक अभ्यासाला लागलं. एका रविवारी रात्री तिचा व्हिडिओ कॉल, "मावशी, जॉर्जने लेनीला मारलं ते बरोबर की चूक, उद्या थीसिस स्टेटमेंट, म्हणजे निबंधाचा मुख्य मुद्दा एका वाक्यात, द्यायचंय, पटकन सांग ना." मी पण शहाणी, पटकन सांगून टाकलं, "बरोबरच केलं गं, दुसरा इलाजच नव्हता त्याच्यापुढे." फोन ठेवला आणि मलाच ते पटेना, कारण इलाज नव्हता असं म्हटलं की विषयच संपतो, मग तो माणूस शेवटी हाताकडे बघत का बसतो? दुसऱ्या दिवशी पुस्तक परत काढलं, मग आमच्या वाचन कट्ट्यावर पण घेतलं, आणि त्यातून जी पद्धत तयार झाली ती इथे लिहितेय. निबंधाला चालेल, कट्ट्यावर चर्चेला चालेल, नुसतं स्वतःसाठी वाचायला तर चालेलच.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. जॉन स्टाइनबेकचं १९३७ चं पुस्तक, मंदीच्या काळातला कॅलिफोर्निया, शेतावर मजुरी करत फिरणारे दोन दोस्त. जॉर्ज लहानखुरा आणि चलाख, लेनी आडदांड, ताकद बैलाची आणि समज लहान पोराची. स्वतःची दहा एकर जमीन घ्यायची, ससे पाळायचे, हे दोघांचं स्वप्न. लेनीच्या हातून मालकाच्या मुलाची, म्हणजे कर्लीची, बायको मरते, कर्ली माणसं घेऊन त्याला मारायला निघतो, आणि त्यांच्या आधी जॉर्ज पोचतो आणि स्वतःच लेनीच्या डोक्यात मागून गोळी घालतो. झालं.

पायरी १: दोन रंगांच्या पेन्सिली घ्या

खरंच घ्या, मोबाइलवर हायलाइट करणार असाल तर दोन रंग ठेवा. लाल म्हणजे टोचणी, निळा म्हणजे साथ. गिल्टला मराठीत ‘अपराधगंड’ वगैरे म्हणतात पण ते डॉक्टरच्या केसपेपरवरचं वाटतं, टोचणी बरी, कारण ती एकदम आयुष्य उद्ध्वस्त करत नाही, बुटात खडा असल्यासारखी चालताना बोचत राहते. आणि लॉयल्टीला ‘निष्ठा’ म्हटलं की पक्ष आणि नेता डोळ्यासमोर येतो, जॉर्ज काही तसा नाही, तो चिडतो, शिव्या घालतो, तू नसतास तर किती मजेत जगलो असतो म्हणून दहादा सुनावतो, पण सोडून जात नाही. आपण मैत्रीला जागणं म्हणतो ना, ते.

बहुतेक जण चूक इथेच करतात, म्हणजे मीही केली होती, की साथ म्हणजे गोळीच्या आधीचं सगळं आणि टोचणी म्हणजे गोळीच्या नंतरचं सगळं. दोन पेन्सिली घेऊन बसलात की दिसतं, लाल रंग पहिल्यापासून आहे.

पायरी २: पहिला भाग आणि शेवटचा भाग शेजारी शेजारी ठेवा

पुस्तकात सहा भाग आहेत. गोष्ट गुरुवारी संध्याकाळी सुरू होते, रविवारी संपते, आणि सुरू होते तिथेच संपते. सोलेदाद गावाच्या दक्षिणेला, सॅलिनस नदीचा एक खोल हिरवा डोह, बाजूला झाडी. (सोलेदाद ह्या स्पॅनिश शब्दाचा अर्थच एकटेपणा, आणि गाव खरंच आहे त्या नावाचं, स्टाइनबेक जवळच्याच सॅलिनसचा.)

पहिल्या भागात जॉर्ज लेनीला घोकून घेतो, की काही भानगड झालीच तर पळत इथे यायचं, झुडपात लपायचं, मी येईपर्यंत थांबायचं. ह्या ओळीला मी आधी निळी खूण केली, दोस्ताची काळजी म्हणून. शेवटचा भाग वाचल्यावर परत मागे येऊन तिलाच लाल पण करावी लागली, कारण लेनी कुठे सापडेल हे त्या घोकंपट्टीमुळे फक्त जॉर्जला माहीत असतं, लेनी बाकी सगळं विसरतो पण हे विसरत नाही, सांगितल्यासारखा येऊन बसतो, वाट बघत. वाचवायला म्हणून ठरवलेली जागाच मारायला उपयोगी पडते. अशा दोन्ही रंगांच्या ओळी सापडतील तेवढ्या वेगळ्या लिहून ठेवा, निबंधाचा सगळा माल त्यांच्यातच आहे.

एक बारीक गोष्ट दाखवते. पहिल्या भागात त्या जागेचं वर्णन आहे त्यात एक राखेचा ढीग येतो, येणारे जाणारे मजूर तिथे शेकोट्या पेटवत आलेत त्याची राख. गोळी घातल्यावर जॉर्ज पिस्तूल भिरकावून देतो, आणि ते पडतं कुठे, तर जुन्या राखेच्या ढिगाजवळ. मी दोनदा वाचूनही हे मला दिसलं नव्हतं, भाचीने दाखवलं.

पायरी ३: टोचणीची वही

आता मधल्या भागांमधून जॉर्जच्या खात्यावर काय काय आहे ते तारखेवार काढा. हे काम जरा रटाळ आहे पण करा.

सगळ्यात जुनी नोंद सॅक्रामेंटो नदीची. तिसऱ्या भागात जॉर्ज स्लिमला, म्हणजे शेतावरचा जो सगळ्यांना मान असलेला गडी आहे त्याला, आपण होऊन सांगतो, की पूर्वी मी लेनीची खूप टिंगल करायचो, एकदा चारचौघांत शायनिंग मारायला त्याला म्हटलं नदीत उडी मार, त्याने मारली, पोहता येत नव्हतं, बुडता बुडता बाहेर काढला. आणि बाहेर काढल्यावर लेनी उलट आभार मानायला लागला, उडी मार कोणी सांगितलं हे विसरूनच गेलेला. त्यानंतर मी असलं काही केलं नाही, जॉर्ज म्हणतो. इथे थांबा, ह्या पानावर दहा मिनिटं घालवा. दोघांच्या मैत्रीची खरी सुरुवात लेनीच्या मावशीपासून नाही, इथून आहे. क्लारामावशी मेली आणि लेनी जॉर्जबरोबर कामाला निघाला एवढंच पुस्तकात आहे, मरताना वचन घेतलं वगैरे काही नाही, ते आपण हिंदी सिनेमे बघून मनाने जोडतो. जॉर्ज लेनीला धरून राहतो तो शब्द दिला म्हणून नाही. एकदा ह्याला जवळजवळ मारला होता आणि ह्याने आभार मानले, हे त्याच्या डोक्यातून जात नाही.

पुढची नोंद, वीड गावची. लेनी एका मुलीचा लाल ड्रेस हातात धरतो, मऊ लागतो म्हणून, ती घाबरून ओरडते, हा घाबरून अजून घट्ट धरतो, जॉर्जला त्याच्या डोक्यात कुंपणाची फळी घालावी लागते. मग दोघं पाटात लपून राहतात, नुसती डोकी पाण्याबाहेर. म्हणजे पुढे काय होऊ शकतं ह्याचा नमुना जॉर्जने आधी बघितलेला असतो आणि तरी तो लेनीला परत तसल्याच शेतावर आणतो.

मग कर्लीशी मारामारी. कर्ली लेनीला ठोकत असतो, लेनी हात खाली सोडून मार खात असतो, आणि जॉर्ज ओरडतो की धर त्याला. लेनी कर्लीचा हात धरतो आणि पार चुरा करतो. नंतर रडवेला होऊन म्हणतो तूच सांगितलंस, आणि जॉर्ज कबूल करतो की हो, तुझा दोष नाही, मी सांगितलं तेच तू केलंस. सॅक्रामेंटोची उडी आठवली का? दोन्ही वेळा जॉर्ज सांगतो आणि लेनी करतो.

शनिवारी रात्री जॉर्ज बाकीच्यांबरोबर गावात जातो, रविवारी दुपारी बाहेर घोड्याच्या नाल फेकायचा खेळ चाललेला असतो आणि लेनी गोठ्यात एकटा. ह्या दोन नोंदी हलक्या आहेत, कोणीही माणूस एवढं करेलच, पण टोचणी लागायला मोठा गुन्हा लागतो असं कुठे आहे.

पायरी ४: कुत्र्याची गोष्ट, ही रंगीत तालीम आहे

तिसऱ्याच भागात शेतावरच्या म्हाताऱ्या गड्याचा, कँडीचा, कुत्रा मारतात. हे सगळ्या गाइडमध्ये असतं, त्यामुळे शिक्षकांना ‘कुत्रा म्हणजे लेनी’ एवढंच लिहून दिलंत तर ते जांभई देतील. जुळणाऱ्या गोष्टी पटापट मोजा आणि पुढे चला: तेच पिस्तूल, शेतावरच्या कार्लसन नावाच्या गड्याचं लुगर, गोळीची जागा तीच, मानेच्या वर डोक्यात मागून, आणि दोन्ही वेळा स्लिमचं मत शेवटचं.

फरक मात्र सावकाश बघा. कुत्र्याला परका माणूस, म्हणजे कार्लसन, नेतो. कँडी पलंगावर पडून छताकडे बघत राहतो, बाकीचे उगाच काहीबाही बोलायचा प्रयत्न करतात, कोणाचं बोलणं पुढे सरकत नाही, सगळे आवाजाची वाट बघतायत. बार ऐकू येतो आणि म्हातारा हळूच भिंतीकडे कूस बदलतो. आणि नंतर तो जॉर्जला सांगतो, की त्या कुत्र्याला मीच गोळी घालायला हवी होती, परक्याला घालू द्यायला नको होती.

हे वाक्य जॉर्जने ऐकलंय. निबंधात ‘ऐकलंय’वर जोर द्या. शेवटी जॉर्ज जे करतो त्यामागे दया आहे, भीती आहे, सगळं आहे, पण एक माणूस दुसऱ्या माणसाच्या पश्चात्तापातून शिकला असंही आहे. कँडीची टोचणी बघूनच जॉर्ज आपली निवडतो. दोन्हीकडे टोचणी आहेच, परक्याला करू दिलं तर एक, स्वतः केलं तर दुसरी, फक्त दुसरीत लेनीला भीती वाटत नाही.

पायरी ५: पाचव्या भागातलं एक मिनिट

हे मला सगळ्यात आवडतं आणि बहुतेकांचं इथून सटकतं. गोठ्यात कर्लीची बायको मेलेली सापडते, कँडी जॉर्जला आणून दाखवतो. जॉर्ज कँडीला सांगतो, मी बंकहाउसमध्ये, म्हणजे मजुरांच्या झोपायच्या खोलीत, जातो, तू मिनिटभराने बाहेर येऊन सगळ्यांना सांग, मी मागून येऊन जसं काही पहिल्यांदाच बघतोय असं दाखवेन. तो जातो. आपण लेखकाबरोबर गोठ्यातच थांबतो. मग आरडाओरडा, सगळे जमतात, आणि थोड्या वेळाने कार्लसन ओरडत येतो की माझं लुगर चोरीला गेलंय.

जॉर्ज पिस्तूल उचलताना पुस्तक दाखवतच नाही, आपण जोडून घ्यायचं. का बरं? कारण दाखवलं असतं तर आपण त्याच्या मनात शिरलो असतो, त्याने कधी ठरवलं, कसं ठरवलं, आणि मग न्यायाधीश होऊन बसलो असतो. ह्या पुस्तकात कोणाच्या मनात फारसं शिरायचंच नाही असं ठरवलेलं आहे, सगळं हालचालीत आणि बोलण्यात. स्टाइनबेकने हे नाटकासारखं लिहिलं होतं आणि त्याच वर्षी, नोव्हेंबर १९३७ मध्ये, ब्रॉडवेवर ते नाटक झालंसुद्धा.

दुसरं, ह्या मिनिटाला लाल-निळं दोन्ही करा. त्यात लेनीला वाचवायची किंवा निदान हाल होऊ न द्यायची धडपड आहे, आणि त्यातच, माझ्यावर संशय यायला नको, हे पण आहे. जॉर्ज संत नाही.

आणि ह्याच भागात स्वप्न मरतं, लेनीच्या आधी. कँडी विचारतो, तू आणि मी मिळून ती जागा घेऊ शकतो ना? पैसे असतात, कँडीकडे हात तुटल्याच्या भरपाईचे धरून साडेतीनशे डॉलर जमणार असतात, जागेची किंमत सहाशे. उरलेले मजुरी करून भरता येणार असतात, हिशोबात बसतं. तरी जॉर्ज हो म्हणत नाही, कँडी काय ते समजतो. म्हणजे लेनी हा जॉर्जच्या स्वप्नातला अडथळा होता हे जे जॉर्ज सारखं बोलायचा ते खोटं होतं, लेनी नसेल तर त्याला ते स्वप्नच नकोय.

पायरी ६: डोहाकाठचा प्रसंग, एकेक वाक्य

इथे घाई करू नका. मी काय काय बघायचं तेवढं सांगते.

लेनी आधी विचारतो, तू मला रागावणार नाहीस का? नेहमीसारखं? आणि जॉर्जचं ते जुनं भाषण, तू नसतास तर महिन्याचे पन्नास डॉलर घेऊन मजेत राहिलो असतो, लेनीला पाठ असतं, तोच सुरुवात करून देतो. जॉर्ज चकित होतो की बाकी सगळं विसरतोस आणि मी बोललेला शब्द न् शब्द लक्षात ठेवतोस. मग तो ते भाषण म्हणतो, पण लाकडासारखं, आवाजात काही नाही. आपल्याकडे पण असतं ना, आई रागावली की पोराला वाटतं चला, सगळं नॉर्मल आहे, न रागावता गप्प बसली की पोटात गोळा येतो. लेनीला रागावून घ्यायचंय. आणि जॉर्जला स्वतःचे सगळे जुने कडू शब्द शेवटच्या दहा मिनिटांत त्याच्याच तोंडून परत ऐकावे लागतात. ह्याहून मोठी शिक्षा मला तरी पुस्तकात दुसरी दिसत नाही.

मग टोपी काढायला सांगतो, हवा छान आहे म्हणून. लेनी टोपी काढून समोर जमिनीवर ठेवतो. मग नदीपलीकडे बघायला सांगतो, म्हणजे जागा डोळ्यासमोर दिसेल. मग गोष्ट सुरू होते, गाय, कोंबड्या, ससे. मग जॉर्ज सांगतो की मी तुझ्यावर रागावलेलो नाही, कधीच नव्हतो, हे तुला कळलं पाहिजे. आता पेन्सिली घ्या आणि ठरवा, ह्यातलं खोटं किती? हवा छान आहे, हे बहाण्यापुरतं. जागा आत्ताच घेऊ, हे साफ खोटं. कधीच रागावलो नव्हतो, हे पण खोटंच, पहिल्या भागात ढिगाने पुरावे आहेत, तरी ह्या एका क्षणी ते खरं आहे. साथ दिसते ती ह्या खोटं बोलण्यात, बंदुकीत नाही. गोळी तर कर्लीनेही घातली असती, गोष्ट सांगणारा दुसरा कोणी नव्हता.

आणि हात. पिस्तूल उचलतो, हात थरथरतो, खाली येतो. परत उचलतो. झाल्यावर तो बसून त्याच उजव्या हाताकडे एकटक बघत राहतो. कार्लसन येऊन विचारतो, पिस्तूल लेनीकडे होतं का, तू हिसकावून घेतलंस का? जॉर्ज हो म्हणतो, जवळजवळ कुजबुजत. ह्या प्रसंगात आत्तापर्यंतची खोटी वाक्यं लेनीसाठी होती, हे पहिलं स्वतःसाठी, आणि ह्यात खरी गोष्ट कायमची गाडली जाते, आता ती कोणाला सांगता येणार नाही, एका स्लिमने ओळखली तर ओळखली.

पायरी ७: जॉर्जच्या विरुद्ध पण केस उभी करा

नाही केलीत तर निबंध आरती होतो. लेनीला कोणी विचारलं नाही. पळून जाऊ द्यायचा पर्याय कँडी बोलून दाखवतो. कोंडून ठेवायचा पर्याय निघतो तेव्हा स्लिम म्हणतो, बांधून पिंजऱ्यात घालतील, ते काही बरं नाही. म्हणजे लेनीसारख्या माणसासाठी त्या काळात चांगलं काहीच नव्हतं, हा दोष जॉर्जचा की जगाचा, हे मांडा. स्लिमचं मत डोळे झाकून घेऊ नका, त्याच्या कुत्रीला नऊ पिल्लं झाली तेव्हा चार त्याने त्याच रात्री बुडवून मारली होती, दूध पुरणार नाही म्हणून. कोणाला जगू द्यायचं हे ठरवायची त्याला सवय आहे.

जाता जाता, लेनी पुस्तकाबाहेर पण भटकलाय. २००४ मध्ये टेक्ससच्या फौजदारी अपील कोर्टाने, बौद्धिक अक्षमता असलेल्या कोणत्या कैद्याला फाशीतून सूट मिळावी ह्याबद्दलच्या निकालात चक्क लेनीचं उदाहरण दिलं होतं. त्या निकालातले निकष २०१७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने नाकारले. कादंबरीतल्या माणसाला फूटपट्टी केलं की असं होतं.

आणि ती मेलेली बाई. तिला पुस्तकात नाव नाही. जॉर्जच्या टोचणीच्या वहीत तिची एकही ओळ मला सापडली नाही, तुम्ही शोधा. दोस्ती एवढी मोठी झाली की तिसऱ्याचा जीव दिसेनासा होतो, हा मुद्दा आमच्या कट्ट्यावरच्या काकूंनी काढला आणि अर्धा तास कोणी दुसरं बोललंच नाही.

पायरी ८: लिहायचं कसं

‘जॉर्जने दयेपोटी मारलं’ हे वाक्य लिहिलं असेल तर खोडा. त्याजागी एक वस्तू किंवा एक हालचाल घ्या, टोपी, हात, राख, आणि तिच्यापासून मागे जा. भाचीचं पहिलं वाक्य होतं की जॉर्ज चांगला मित्र होता म्हणून त्याने कठीण निर्णय घेतला. तीन कॉलनंतर झालं, की जॉर्ज लेनीला दोनदा पाण्याकाठी आज्ञा देतो, एकदा टिंगल म्हणून आणि एकदा वाचवायला, आणि दोन्ही वेळा लेनी विश्वासाने ऐकतो. हे तिचं तिला सुचलं, मी फक्त नद्या दाखवल्या. उतारे छोटे घ्या, कथा परत सांगू नका, शिक्षकांनी वाचलंय. १९९२ चा सिनेमा बघून लिहू नका, त्याचा शेवट वेगळा आहे.

कट्ट्यावर घेत असाल तर

शेवटची चार पानं मोठ्याने वाचा, पार्ट वाटून. लेनी वाचणाऱ्याला जॉर्जकडे पाठ करून बसवा, हे महत्त्वाचं, नाहीतर नुसतं वाचन होतं. आमच्याकडे जॉर्ज एका निवृत्त बँकवाल्या काकांनी वाचला, एकदम खणखणीत आवाजाचा माणूस, आणि सशांपर्यंत आल्यावर समोरच्या पाठीकडे बघून त्यांचा आवाज बसला, पाणी प्यायले, परत वाचायला लागले. स्लिम म्हणतो तुला करावंच लागलं, चल, एक ड्रिंक घेऊ. जॉर्ज उठतो. म्हणजे एकटे मजूर पगार झाल्यावर जे करतात, आपण तसले नाही असं तो लेनीला सांगायचा, तेच करायला निघतो. आणि मग कार्लसनला शेवटचं वाक्य आहे, ह्या दोघांना एवढं काय झालंय म्हणून विचारायचं. आमचा कार्लसन आपली पाळी आलीय हे विसरूनच गेला होता, शेजारच्याने कोपराने ढोसलं तेव्हा त्याने दचकून वर बघितलं आणि खरोखरच विचारल्यासारखं वाचलं.